मधली माणसं

साळवण्याच्या शाळेत मुलं उरली नाहीत, तेव्हा तिच्या दोन खोल्या सरकारने श्वासाच्या तपासणीसाठी घेतल्या. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. खोऱ्यातले लोक तिला श्वासघर म्हणत.

शाळा धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर. सकाळी पाण्यावरचं धुकं उठून खिडक्यांपर्यंत यायचं आणि दहा वाजले तरी हलायचं नाही. त्या धुक्यातून लाँचचा आवाज आधी यायचा, लाँच नंतर दिसायची. पलीकडच्या वाड्यांमधली माणसं उतरायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, पातळ पारदर्शक पिशवीत एकेक लांब श्वास फुंकायची. पिशवीवर नाव चिकटवलं जायचं. मग चहा पिऊन माणसं परत त्याच धुक्यात जायची. सुई नाही, रक्त नाही. आपला श्वास पुढे कोणापाशी जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते खरं वाटायचं नाही.

तो श्वास मधमाश्यांपाशी जायचा.

त्या माश्या वैजयंता उतेकरच्या होत्या. वैजयंताचं वय एकोणपन्नास. माहेरी वडिलांकडे चाळीस मधपेट्या होत्या, आणि चालायला लागल्यापासून ती त्या पेट्यांच्या अवतीभवती वाढली होती. लग्न होऊन साळवण्यात आली ती चार पेट्या घेऊनच. आता शाळेमागच्या उतारावर तिच्या तीस पेट्या होत्या, सगळ्या सातेरी माश्यांच्या. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर हर्षदा वाळिंबे पुण्याहून पहिल्यांदा आल्या, त्या ह्या पेट्या बघायलाच.

पायरीवर बसून त्यांनी तिला सगळं समजावलं होतं. शरीरातली प्रत्येक पेशी जगण्यासाठी सतत काहीतरी जाळत असते. चुलीत आंब्याचं लाकूड घातलं तर धूर वेगळा, बाभळीचं घातलं तर वेगळा. कर्करोगाची पेशी बिघडलेली असते, म्हणून तिचं जाळणंही वेगळं असतं. तिचा धूर रक्तात उतरतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. पण किती, तर ह्या अख्ख्या धरणात मिठाचे चार खडे टाकावेत इतका. माणसाच्या नाकाला तो कळायचा नाही. यंत्रांना कळतो, पण ती यंत्रं महाग, मोठ्या शहरात, आणि त्यांनाही कधीकधी चकवा बसतो. मधमाशीच्या मिशांना मात्र तो सहज कळतो.

"तिला शिकवायचं कसं?" वैजयंताने विचारलं होतं.

"साखरेच्या पाण्याने. मिशांना गोड लागलं की माशी जीभ बाहेर काढते, हे तुम्हाला माहीतच आहे. प्रयोगशाळेत बनवलेला आजारी श्वासाचा वास आधी द्यायचा, लगेच पाठोपाठ साखरेचा थेंब. पाच-सहा वेळा केलं की पुढच्या वेळी नुसत्या वासावर जीभ बाहेर येते."

वैजयंताला हसू आलं होतं. जांभूळ फुलला की एका सकाळीत सगळी पेटी जांभळाचा वास पाठ करते, हे ती लहानपणापासून बघत होती. आता फुलाच्या जागी आजार होता, एवढाच फरक.

तेव्हापासून ती एक दिवसाआड पहाटे दहा माश्या पेटीतून उचलायची. गारव्याने क्षणभर सुस्त झालेल्या एकेकीला बोटभर नळीत बसवायची. फक्त डोकं बाहेर. दहा नळ्यांचा तो ट्रे तपासणीच्या खोलीत ठेवून माश्यांना तो वास शिकवायची. एकेका पिशवीतला श्वास हलकेच त्यांच्या मिशांवर सोडला जायचा आणि वरचा कॅमेरा जिभा मोजायचा. दहातल्या सात किंवा जास्त माश्यांनी जीभ काढली, तर त्या माणसाला जिल्ह्याच्या इस्पितळात फुप्फुसांच्या फोटोसाठी बोलावणं जायचं. दोन दिवस काम झालं की वैजयंता त्या माश्यांना मध चाटवून सोडून द्यायची आणि नव्या दहा घ्यायची.

खोलीत वावरताना तिला तोंडावर मुखवटा लावावा लागे. मुखवट्याच्या नळीतून तिचा श्वास थेट खिडकीबाहेर जाई, म्हणजे परीक्षेच्या वासात तो मिसळायला नको. तीन वर्षांत त्या नळीची तिला इतकी सवय झाली होती की आपल्यालाही श्वास आहे, हे ती विसरून गेली होती. सुरुवातीला तिची स्वतःची तपासणी झाली होती, ती स्वच्छ निघाली होती. नंतर दरवर्षी करायची ठरली, आणि दरवर्षी ती कामाच्या गर्दीत राहिली.

अडचण आली ती वेगळ्याच दिशेने. माश्या चुकत नव्हत्या, त्या फार पुढचं सांगत होत्या. ज्यांच्या श्वासावर जिभा बाहेर आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या फोटोत काहीच दिसायचं नाही. फुप्फुसं कोरी. त्यांतल्या काहींच्या फोटोत वर्षा-दीड वर्षाने बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका उगवायचा, आणि तो लगेच काढता यायचा. काहींच्या कधीच काही उगवायचं नाही. शरीर आपलं आपण ते निस्तरायचं, किंवा ते जन्मभर झोपून राहायचं. कोणाचं उगवणार आणि कोणाचं नाही, हे मात्र ना माशीला सांगता यायचं ना डॉक्टरला. तोवर दर तीन महिन्यांनी जाऊन फोटो काढायचा, एवढंच हातात.

अशा लोकांना आजारीही म्हणता येईना आणि निरोगीही म्हणता येईना. खोऱ्यात त्यांना 'मधले' म्हणू लागले.

वैजयंताचा नवरा सर्जेराव ह्या मधल्यांना चांगला ओळखत होता. धरणावर लाँच चालवायचं त्याचं काम. तपासणीला येणाऱ्यांना तोच आणायचा आणि इस्पितळाच्या वाटेवर पलीकडच्या धक्क्यावर तोच पोचवायचा. जंगम गुरुजी दोन वर्षं मधले होते. दर तीन महिन्यांनी ते लाँचमध्ये इंजिनाजवळ बसत, कारण तिथे कोणाशी बोलता येत नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी मुलीचं लग्न घाईने उरकलं, शिकवण्या सोडल्या, आंब्याची कलमं आणून ठेवली होती ती लावलीच नाहीत. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की काही नाही, तुमचं नाव यादीतून काढलं. परतीच्या फेरीत गुरुजी सर्जेरावला म्हणाले, "सर्जा, आता ह्या दोन वर्षांचं मी काय करू?"

त्याच आठवड्यात सर्जेरावने श्वासघरात जाऊन एका कागदावर सही केली. न कळून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता, आणि तो वापरणारा खोऱ्यातला तो पहिला माणूस होता.

"बायको माश्या शिकवती आन नवरा फुंकत न्हाय," वैजयंता म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ज्यांना कळलंय त्यांना मी रोज वाहतो, वैजा. मला न्हाय कळून घ्यायचं."

तिने पुन्हा विषय काढला नाही. तो तरुणपणी विड्या ओढायचा, तेवढी एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जात नसे.

ते कारवीचं वर्ष होतं. सात वर्षांनी एकदा डोंगर फुलतो, ते वर्ष. श्रावण संपता संपता उतारांवर जांभळट निळी साय धरू लागली होती. वाऱ्याला मंद गोडसर वास होता, आणि पेट्यांमधून माश्यांचा आवाज असा येत होता जसं कोणी लांब बसून तंबोरा लावत असावं. अशा दिवसांत माणसाला भरदुपारीही झोपेत चालल्यासारखं वाटतं. त्या बुधवारी पाऊस पडत होता म्हणून लाँच बंद होती, तपासणीला कोणी आलं नव्हतं. वैजयंता खोलीत नव्या माश्या शिकवून नुकतीच बसली होती. सर्जेराव भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आला.

"आज कोण न्हाय, इथंच बस की," ती म्हणाली, आणि मुखवटा काढून तिने टेबलाची एक कड रिकामी केली. नियमात ते बसत नव्हतं, पण बाहेर व्हरांड्यात पाणी गळत होतं.

जेवता जेवता तो ट्रेवर वाकला. "ह्याच का त्या?"

"ह्याच." तीही त्याच्या शेजारी वाकली.

दहा माश्या नळ्यांमधून डोकी काढून बसल्या होत्या. बघता बघता एकीची जीभ बाहेर आली. मग दुसरीची. केसाएवढ्या, तपकिरी, चमकणाऱ्या जिभा, एकामागोमाग एक, अगदी शांतपणे. दहाच्या दहा.

"तहानल्या वाटतं," सर्जेराव म्हणाला.

"हां," वैजयंता म्हणाली. तिचा घास तोंडातच राहिला होता.

तो गेल्यावर तिने भरताचा वास माश्यांना दाखवला. एकीनेही जीभ काढली नाही. भाकरी दाखवली, काही नाही. मुखवटा तर तिने केव्हाच पुन्हा चढवला होता, हात आपोआप तिकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी तिने सर्जेरावचा अंगातून काढलेला सदरा बरणीत घालून त्यातली हवा सोडून बघितली. तरी काही नाही. घामात तो वास नसतो, श्वासातच असतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस ती नवऱ्याकडे अशी बघू लागली जसं माणूस निघालेल्या पाहुण्याकडे बघतं. तो दाढी करताना मान वर करायचा, तेव्हा गळ्यावरची शीर दिसायची. तो जिन्यावर थांबला की ती मोजायची, किती वेळ थांबला. खोकला आला की तिच्या हातातलं काम सुटायचं. तिने त्याच्यासाठी दोनदा पुरणपोळी केली, ना सण ना वार. ती काही बोलली नाही. त्याने सही करून मागितलेलं न कळणं तिच्या हातून मोडलं होतं, आणि आता ते ओझं एकटीने वाहायचं, असं तिला वाटत होतं. पण शिकवलेल्या माश्या रोज समोर बसायच्या, आणि उशीर झाला तर काय होतं हेही तिला रोज दिसायचं.

तिने हर्षदा मॅडमना फोन करून आडून विचारलं. "एखाद्याने न्हाय म्हणून सही केली, आन आपल्याला चुकून कळलं, तर?"

मॅडम म्हणाल्या, "वैजयंताताई, नियम सांगू की माझं मत सांगू?"

"मत."

"कळलेलं लपवता येत नाही. आपण फक्त समजतो की लपवलंय."

रविवारी ती त्याच्याबरोबर धक्क्यावर गेली. तो इंजिनात तेल घालत होता. ती लाकडी फळीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं हाय. ऐकायचं का न्हाय ते तुम्ही ठरवा."

त्याने चिंधीला हात पुसले. "पोळ्यांवरनंच कळलं मला," तो म्हणाला. "म्हटलं, बोलंल तवा बोलंल."

"माश्यांनी जिभा काढल्या. तुम्ही वाकला तवा. दहाच्या दहा."

सर्जेरावने पाण्याकडे पाहिलं. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा पडला होता, निळा, आणि वाऱ्याने त्याची कड हलत होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने तेलाचा डबा बंद केला, झाकण नीट दाबून बसवलं.

"तू एकटी पंधरा दिवस हे घेऊन बसलीस?"

तिने मान हलवली.

"मग माझ्या सहीला काय अर्थ राह्यला," तो म्हणाला. "मी न्हाय कळून घेतलं म्हणजे तुला कळून घ्यावं लागलं. चल, फुंकतो."

मंगळवारी हर्षदा मॅडम आल्या होत्या. सर्जेरावने जुनी सही रद्द केली, नवीन केली, पिशवी हातात घेतली आणि लाँचचा भोंगा फुंकावा तसा जोर लावून फुंकली. मॅडम म्हणाल्या, "हळू, दादा." खोलीत वैजयंताने मुखवटा चढवला. ट्रे मॅडमनी लावला. पिशवीची तोटी उघडली. श्वास माश्यांवरून गेला.

एकीनेही जीभ काढली नाही.

मॅडमनी पाच मिनिटं थांबून पुन्हा केलं. दुसऱ्या दहा माश्यांवर केलं. काही नाही. शिकवलेला वास बाटलीतून दिला, तेव्हा मात्र दहाही जिभा झटकन बाहेर आल्या. माश्यांचं काही चुकत नव्हतं. सर्जेरावचा श्वास स्वच्छ होता.

वैजयंता भिंतीला टेकून खाली बसली. मुखवट्याच्या आत ती हसत होती की रडत होती, ते बाहेरून कळत नव्हतं. सर्जेराव नुसता उभा होता, कोणाचं तरी सामान चुकून आपल्याकडे आलं होतं आणि आता परत करायचं आहे, अशा चेहऱ्याने.

मॅडम मात्र अजून ट्रेकडे बघत होत्या.

"त्या बुधवारी खोलीत आणखी कोण होतं?"

"कोणी न्हाय," सर्जेराव म्हणाला. "आम्ही दोघंच. जेवत होतो."

मागच्या उतारावरून पेट्यांचा आवाज येत होता. वैजयंताने तोंडावरचा मुखवटा हाताने चाचपला, नळीवरून बोट फिरवत ते खिडकीपर्यंत नेलं, आणि तीन वर्षं आपला श्वास कुठून कुठे जात होता ते जणू पहिल्यांदा पाहिलं. मग ती उठली, बाहेर व्हरांड्यात गेली, बाकावर बसली आणि म्हणाली, "एक पिशवी द्या मला."

दहापैकी नऊ.

इस्पितळातल्या फोटोत काही दिसलं नाही. दोन्ही फुप्फुसं कोरी. तिथल्या बाईंनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. वैजयंता मधली झाली.

"मी विड्या ओढल्या," परतीच्या वाटेवर सर्जेराव म्हणाला, "आन तू—"

"कारण शोधू नका असं मॅडम म्हणाल्यात."

"म्हणू देत."

इतर मधल्यांना तीन महिने वाट बघावी लागे. वैजयंताला नाही. विचारायचं म्हटलं तर ती रोज विचारू शकत होती, आणि तेच तिला बाधलं. दिवसाचं काम सुरू करण्याआधी ती क्षणभर मुखवटा बाजूला करायची आणि माश्यांवर हलकेच श्वास सोडायची. नऊ. दुसऱ्या दिवशी आठ. आठ आले की दिवसभर अंग हलकं वाटायचं. मग दहा यायचे. तिने तुळशीचा काढा घेतला, चुलीजवळ जाणं सोडलं, पहाटे उठून डोंगर चढून आली, आणि दर वेळी येऊन त्या दहा डोक्यांसमोर वाकली. ह्यातलं कशानेच काही होत नाही, हे तिला समजत होतं. माश्यांना ती आता फूल वाटत होती. त्या तिच्या वाकण्याची वाटच बघत असल्यासारख्या दिसायच्या, आणि रात्रीच्या झोपेतही तिला त्या जिभा दिसायच्या, शेकडो, गवतासारख्या हलणाऱ्या.

एक दिवस सर्जेराव दारात उभा राहिला. "आज किती?"

ती दचकली. "नऊ."

"काल?"

"नऊ."

"गुरुजी तीन महिन्यांनी एकदा मरायचे," तो म्हणाला. "तू रोज मरतीस."

तो आत आला, खुंटीवरचा दुसरा मुखवटा त्याने घेतला आणि उलटसुलट करून बघितला. माश्यांची त्याला लहानपणापासून भीती होती. लग्नानंतर पंचवीस वर्षांत तो पेट्यांच्या बाजूला कधी फिरकला नव्हता. "ह्या नळीत माशी कशी घालायची ते दाव," तो म्हणाला. "लाँचवर भाचा बसंल सकाळचा. ह्या खोलीत आता मी येणार. तू भाईर."

त्याला शिकायला महिना लागला. डंख किती बसले ते त्याने मोजले नाहीत. त्याची मोठी बोटं माशी धरताना इतकी हळू होत की वैजयंताला खिडकीतून बघून नवल वाटे. मॅडमनी चार दिवस शेजारी बसून त्याचं काम पाहिलं आणि नोंदवहीत त्याचं नाव लिहिलं.

आणि ती बाहेर गेली. उतारावरच्या पेट्यांपाशी.

कारवी तेव्हा ऐन भरात होती. उतारावरून खाली पाण्यापर्यंत आणि वर कड्यापर्यंत नुसता निळा जांभळा धूर पसरल्यासारखा. त्यात शिरलं की कमरेपर्यंत फुलं, आणि सगळीकडून तोच एक आवाज. वैजयंताने पहिल्या पेटीचं झाकण काढलं, चौकट उचलली आणि तिच्या लक्षात आलं, आपल्या तोंडावर काही नाही. ती चौकटीवर वाकली. माश्यांवरून तिचा श्वास गेला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. त्या येत होत्या, पायांवरचा पराग झटकत होत्या, एकमेकींना वाट सांगत गोल फिरत होत्या. तीन वर्षं तिने माश्यांकडे परीक्षा घेणाऱ्या म्हणूनच बघितलं होतं. ती तिथेच बसली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. एक माशी तिच्या खालच्या ओठावर येऊन बसली, तिथला ओलावा तिने चाखला आणि उडून गेली.

त्यानंतर ती खोलीत गेली नाही. शिकवलेल्या माश्यांबद्दल कोणी बोललं तरी ती ऐकायची आणि आपल्या कामाला लागायची. मनातून ते पुसलं गेलं असं नाही. पण ते आता तीन महिन्यांनी एकदा यायचं, तारीख आली की. तेव्हा सर्जेराव स्वतः लाँच चालवायचा आणि ती त्याच्या शेजारी बसायची. येताना बाजारातून काहीतरी आणत, बहुधा रताळी, कारण तिला ती आवडायची.

कारवीचा मध त्या वर्षी दोनशे किलोंच्या वर निघाला. गर्द, जड, जिभेवर थोडा तुरट. फुलं वाळली, डोंगर तपकिरी झाला, उन्हाळा गेला, पाऊस आला आणि ओसरला. पाचव्या फोटोत ठिपका दिसला.

उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, पाच मिलिमीटर. डॉक्टरांनी पडद्यावर तो मोठा करून दाखवला. सर्जेरावने खुर्चीचा हात घट्ट धरला. वैजयंताला मात्र विचित्र वाटलं, जे तिने नंतर फक्त मॅडमना सांगितलं. वर्षभर तो साऱ्या अंगात होता. प्रत्येक खोकल्यात, प्रत्येक दुखण्यात. आता तो एका जागी बसला होता, लहान, गोल, आणि त्याला बोट लावून दाखवता येत होतं.

"एवढासाच?" तिने विचारलं.

"एवढासाच," डॉक्टर म्हणाले. "ह्या आकाराचा आम्हाला पूर्वी दिसायचाच नाही. लोक यायचे तेव्हा तो लिंबाएवढा झालेला असायचा."

बरगड्यांमधून तीन छोट्या छिद्रांतून ठिपका आणि भोवतालचा थोडा भाग काढला. चौथ्या दिवशी ती चालत होती, नवव्या दिवशी घरी आली. आजार कुठे पसरला नव्हता. औषधाची गरज नव्हती.

तीन महिन्यांनी श्वास तपासायचा होता. सर्जेरावने त्या दिवशी बाकीच्यांची तपासणी बंद ठेवली. माश्या त्याने आदल्या दिवशी निवडल्या, शिकवल्या, पुन्हा पुन्हा पारखल्या. वैजयंताने व्हरांड्यात बसून पिशवी फुंकली आणि त्याच्या हातात दिली. "मी मागं हाय," म्हणाली आणि पेट्यांकडे गेली.

हर्षदा मॅडम पडद्यासमोर बसल्या. सर्जेरावला पडद्यावर भरवसा नव्हता. तो ट्रेसमोर गुडघ्यांवर बसला, डोळे माश्यांच्या पातळीला आणून. तोटी उघडली. श्वास गेला. एक माशी मिशा हलवून थांबली. दुसरीने डोकं वळवलं. सर्जेरावने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता, मुखवटा असूनही.

"शून्य," मॅडम म्हणाल्या.

तो उठला नाही. "पुन्हा करा."

दुसऱ्यांदाही शून्य. तिसऱ्यांदा एका माशीने जीभ काढली आणि आत घेतली. मॅडम म्हणाल्या, एक धरत नाहीत, ती भुकेनेही काढते. सर्जेरावने साखरपाण्याची काडी घेतली आणि त्या एकीला आधी पाजलं, मग उरलेल्या नऊजणींना, एकेकीला पोटभर. मग ट्रे उचलून तो मागच्या दाराने बाहेर आला. वैजयंता शेवटच्या पेटीपाशी पाठमोरी उभी होती. त्याने नळ्या एकेक करून उघडल्या. माश्या क्षणभर नळीच्या तोंडाशी थांबल्या आणि उडाल्या. त्या उडताना बघून ती वळली. एरवी तो माश्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच सोडायचा. आज दुपारीच सोडत होता, त्यावरून तिला काय ते कळलं.

"आता?" ती म्हणाली.

"आता सहा महिन्यांनी. मॅडम म्हणतात दोन वर्षं यादीत नाव राहणार."

"राहू दे."

मॅडमना पलीकडे सोडायचं होतं. त्यांना सोडून दोघं परत निघाली तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. लाँचमध्ये तिसरं कोणी नव्हतं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर सर्जेरावने इंजिन बंद केलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय न्हाय. घाई कुठं हाय."

तो येऊन तिच्याशेजारी फळीवर बसला. लाँच वाऱ्याबरोबर हळूहळू फिरू लागली. समोर साळवण्याची शाळा आली, मग उतार, मग पलीकडचा किनारा, मग पुन्हा शाळा. हवा गार होत चालली होती. वैजयंताने छाती भरून श्वास घेतला. उजव्या बरगडीत जरासं ओढल्यासारखं झालं, तरी तिने तो पुरता घेतला. मग सोडला. तोंडापुढे किंचितशी वाफ दिसली आणि पाण्यावर विरून गेली.

तो श्वास कोणी पिशवीत धरला नव्हता.